नदीत सोडलेला भात

चि. सानिकास,

शेजारच्या आजींनी तुला दिलेल्या पानाच्या त्या टोकदार पुडीला सिंगापुरात ‘चांग’ म्हणतात, चीनमध्ये झोंगझी. चिकट तांदूळ, आत सारण, वरून बांबूची पानं. दोऱ्याने आवळून बांधायचं आणि काही तास उकडायचं. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवशी, म्हणजे बहुधा जूनमध्ये, दुआनवूचा सण येतो. ही पुडी त्या दिवसाची, आणि ड्रॅगनच्या तोंडाच्या होड्यांची शर्यतही त्याच दिवसाची.

आजींनी छ्यू युआनची गोष्ट सांगितली असेलच. तो छू राज्याचा मंत्री आणि मोठा कवी. छिन राज्यावर विश्वास ठेवू नका, असं तो आपल्या राजाला परोपरीने सांगत होता. राजाने ऐकलं नाही. तो छिनमध्ये गेला, तिथे अडकला आणि कैदेतच मेला. छ्यू युआनच्या वाट्याला हद्दपारी आली. इ.स.पू. 278 मध्ये छिनच्या सैन्याने छूची राजधानी घेतली आणि त्यानंतर त्याने मिलुओ नदीत जीव दिला. ही नदी आजच्या हूनान प्रांतात आहे. लोक होड्या घेऊन धावले, देह सापडेना, तेव्हा माशांनी त्याला तोंड लावू नये म्हणून त्यांनी नदीत भात सोडला, असं सांगतात.

इतिहासकार सिमा छ्येनने इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपास त्याचं चरित्र लिहिलं. दगड कवटाळून त्याने नदीत उडी घेतली, हे त्यात आहे. तो दिवस कोणता होता, हे नाही. भातही नाही.

भात पानात कसा गेला, ते सहाव्या शतकाच्या सुमाराला वू च्युन या लेखकाने नोंदवलेल्या एका कथेत येतं. छांगशामधल्या एका माणसाला छ्यू युआनचा आत्मा भेटतो आणि म्हणतो, तुम्ही बांबूच्या नळीत घालून सोडता तो भात पाण्यातला ड्रॅगन पळवतो. यापुढे वर बकाणा निंबाची पानं लावा आणि पाचरंगी दोऱ्याने बांधा; या दोन वस्तूंना तो भितो.

यातला पाचरंगी दोरा नीट बघ. त्या काळी दुआनवूच्याच दिवशी घरोघरी तसलाच दोरा मनगटाला बांधत, रोगराई लागू नये म्हणून. चिनी समजुतीनुसार पाचवा महिना विषारी. उकाडा आणि दमट हवा सुरू होते. साप, विंचू, गोम, पाल आणि बेडूक हे पाच विषारी जीव बाहेर पडतात. म्हणून दारावर वेखंडाची पाती टांगायची. हो, आपण बाळाला उगाळून देतो तेच वेखंड. त्याच्या जोडीला दवण्याच्या कुळातली एक उग्र वासाची वनस्पती. मद्यात मनशीळ कालवून प्यायचीही चाल होती. मनशिळीत आर्सेनिक असतं, त्यामुळे ती मागे पडली हे उत्तमच झालं. म्हणजे आई लेकराच्या मनगटाला जे बांधत होती, तेच बुडालेला कवी आपल्या भातासाठी मागतो आहे! माझ्या मते या कथेचा सगळा जीव इथे आहे. आधीपासून चालत आलेल्या ऋतूच्या रिवाजाला लोकांनी आपल्या लाडक्या माणसाचा चेहरा दिला.

पुडीचा जुना अर्थ झोउ छू याच्या लिखाणात सापडतो. हा तिसऱ्या शतकातला. पाणथळ जागेतल्या रानभाताच्या पानात चिकट धान्य गुंडाळून ते राखेच्या दाट पाण्यात मऊ शिजवायचं आणि पाचव्या महिन्याच्या पंचमीला, तसंच वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी खायचं, असं तो लिहितो. यिन आणि यांग अजून एकमेकांत गुंडाळलेले आहेत, सुटे झालेले नाहीत, याचं ते रूप. त्या सर्वांत मोठ्या दिवशी यांगची उष्णता शिगेला पोचते आणि तिच्या पोटात यिनचा गारवा जन्म घेतो. या उताऱ्यात छ्यू युआनचं नावही नाही.

पुढे सारण ज्याचं त्याने ठरवलं. उत्तरेकडे खारकेसारखं लाल बोर आणि लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. दक्षिणेकडे डुकराचं मांस आणि खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक. गोड खरं की खारट, यावर चीनमध्ये दरवर्षी हिरीरीने भांडतात. तुझ्या सिंगापुरातल्या पेरानाकान, म्हणजे चिनी-मलाय मिश्र परंपरेच्या घरांनी आणखी वेगळं केलं. तांदळाला गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग, आणि मांसाच्या सारणात धन्याची पूड व पाकवलेला कोहळा. चिनी पुडीत मलाय स्वयंपाकघर उतरलं ते असं. चीनमध्ये 2008 पासून दुआनवूला सार्वजनिक सुटी आहे आणि 2009 मध्ये युनेस्कोने हा सण मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. सिंगापुरात सुटी नाही, तरी तुझ्या मजल्यावर पुड्या बांधल्या जातात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुला मांस चालत नाही, तेव्हा आजींकडे ‘की चांग’ माग. आत बहुधा काहीच नसतं. खाराच्या पाण्याने तांदूळ पिवळसर आणि लवचिक होतो, आणि तो माडाच्या गुळासोबत खातात. झोउ छूच्या राखेच्या पाण्याची रीत त्यात अजून टिकून आहे. आणि पुढच्या वर्षी आयती पुडी घेऊ नकोस. बांधायच्या दिवशी त्यांच्या शेजारी जाऊन बस, पान दुमडून त्याचा द्रोण कसा करायचा आणि दोरा कुठून फिरवायचा ते शिकून घे, आणि मला सविस्तर लिही.

तुझी
आत्या