तुमचा बीएमआर मोजलाय की नुसता काढलाय?

वजनकाट्याची छापील चिठ्ठी घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. "डॉक्टर, माझा बीएमआर 1,250च आहे, म्हणून जेवण कमी केलंय." मी विचारतो, "मोजताना श्वास कशात सोडला होता?" उत्तर ठरलेलं, "श्वास? मी तर नुसता काट्यावर उभा होतो!"

मग तो आकडा मोजलेला नाही, अंदाजाने काढलेला आहे. काटा वजन मोजतो, शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून चरबीचा अंदाज घेतो आणि वय, उंची घालून सूत्र मांडतो. असं एक सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी 1919 मध्येच दिलं होतं.

खरी मोजणी श्वासावरून होते. आपण पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत यांचं काम चालूच असतं आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण 4.8 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मिनिटाला 200 मिलिलिटर वापरला, तर दिवसाच्या होतात जवळपास 1,380.

हातात मावणारी काही यंत्रं फक्त ऑक्सिजन मोजतात आणि कार्बन डायऑक्साइड गृहीत धरतात. त्याने फारसं बिघडत नाही. चरबी जळो की साखर, लिटरमागचा आकडा 4.7 ते 5 च्या आसपासच राहतो. जास्त बिघडतं ते मास्क सैल असल्याने. श्वासाची दहा टक्के हवा बाजूने निसटली, तर 1,500 चे 1,350 दिसू शकतात. म्हणजे तुमच्या ताटातले दीड-दोन फुलके विनाकारण गेले!

अशी यंत्रं तपासताना त्याच माणसांची मोजणी प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावरही करतात. इथे एक गोम आहे. छोट्या यंत्राने एकाला 200 जास्त दाखवले आणि दुसऱ्याला 200 कमी, तर सरासरी फरक शून्य येतो. यंत्र कागदावर अचूक ठरतं, पण दोघांचाही आहार चुकतो. म्हणूनच ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सांगितलं की, प्रत्येकातला फरक किती पसरलाय ते पाहा. तुम्हीही "सरासरी अचूक" या शब्दांवर थांबू नका. "एका माणसात किती चुकू शकतं?" हे विचारा.

मोजणी करायचीच असेल तर सकाळी उपाशीपोटी करा. आधी चहा, तंबाखू, व्यायाम नको. थोडा वेळ शांत पडून राहा, पण झोपू नका. मास्क घट्ट बसलाय ना, ते बघा. पुढच्या वेळी तेच यंत्र, तीच वेळ ठेवा.

आणि लक्षात ठेवा, हा आकडा फक्त पडून राहण्याचा खर्च आहे. चालणं, घरकाम, नोकरी यांचा खर्च वेगळा. तेवढंच खाऊन दिवस काढाल, तर थकवा येणारच. चिठ्ठी बघून पोळी कमी करण्याआधी ती चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.