जुना प्लग कुठे टाकलास?

चि. चिमीस,


दाजींच्या स्प्लेंडरशेजारी फतकल मारून बसलेला तुझा फोटो आक्काने पाठवला. कोपरापर्यंत काळे हात, आणि खाली तुझा प्रश्न, ‘मामा, प्लग मीच बदलला, अजून किती आवळू?’ ऊर भरून आला. पण पुढची ओळ वाचली आणि जेवणावरचं लक्षच उडालं. ‘जुना काळाकुट्ट झाला होता, फेकून दिला.’ अगं, फेकून दिलास?

आधी आवळण्याचं सांगतो. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा, आणि त्याचे आटे जेमतेम १० मिलिमीटरचे. नवा प्लग पाना न लावता, नुसत्या बोटांनी बसेपर्यंत फिरवायचा. मग पान्याने अर्धा फेरा, तेवढ्यात वॉशर दबतं. बस्स! जोर लावलास तर हेडचे आटे जातील आणि शंभर-दीडशेच्या कामासाठी हेड उतरवायची पाळी येईल. इंजिन पुरतं गार होतं ना? आणि प्लग काढण्याआधी भोवतालची माती फुंकून काढली होतीस ना? ती आत पडली की सिलिंडरला ओरखडे पाडते. नवा प्लग हातातून फरशीवर पडला असेल तर गॅप तपासून घे. मुळात ती मिलिमीटरहून कमी, आपटली की मिटते.

आता माझं म्हणणं ऐक. इंजिन न उघडता त्याच्या पोटातलं दाखवणारी एवढीच वस्तू आपल्या हाती येते, आणि तीच तू कचऱ्यात टाकलीस. वैद्याने जीभ न बघताच पुडी बांधावी तसं झालं हे. टोकाजवळची चिनीमाती बदामी असली तर सगळं ठीक. पांढरीफटक असली तर इंजिन जास्त तापतंय. काळी असली तर तेवढ्यावर भागत नाही, बोट फिरवून बघावं लागतं. कोरडी काजळी बोटाला लागली तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर तुंबला असेल, नाहीतर सकाळच्या गारठ्यात ओढलेला चोक तसाच राहत असेल. (दाजींनाही तीच खोड होती.) पण तेलकट, ओलसर काळं असेल तर इंजिन ऑइल आत जळतंय. रिंगा झिजल्या असतील, नाहीतर व्हॉल्व्हचं सील गेलं असेल. मग नवा प्लगही चार दिवसांत तसाच होणार. हल्ली जो तो वस्तू बदलून मोकळा होतो, ती का बिघडली हे कुणी विचारत नाही. गॅरेजवाले तर नाहीच नाही. निदान तू तरी विचार, आपल्या घरात ती रीत आहे.

आणि तू त्याच गाडीवर रोज पसरणी घाट चढतेस! ऑइल कमी होऊन इंजिन वळणावर जाम झालं, मागून ट्रक असला, तर? आजच गाडी मधल्या स्टँडवर उभी कर. ऑइलची पट्टी काढून पूस, आट्यात न फिरवता नुसती आत टेकव आणि पातळी बघ. खालच्या खुणेच्या आसपास असेल तर गाडी चालू करू नकोस. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, हेही कळव.

कचऱ्याची गाडी गेली नसेल तर प्लग शोध. पुसू नकोस, कागदात गुंडाळून ठेव. रविवारी मी वाईला येतोच आहे. तोवर शाळेला एसटीने जा. चावी आक्काकडे द्यायची, तिला मी फोन केलाय.

तुझा,
मामा