आमचे बिडाचे कुंपण

माणसाची पारख त्याच्या मित्रांवरून करावी म्हणतात. आमच्या पिपरी मेघेत ती कुंपणावरून करतात. कोणी स्टीलच्या चकचकीत नळ्यांचे फाटक बसवले की ओळखावे, मुलगा पुण्याला नोकरीस लागला. पत्र्यात यंत्राने कापलेला मोर दिसला की समजावे, आता मोटारही येणार. मी मात्र अजून बिडाच्या कुंपणाआड राहतो. माझ्याविषयी लोक काय समजत असतील ते समजोत.

हे कुंपण वडिलांची कमाई. मी दुसरीत असताना नागपूरला एक जुना बंगला पाडला जात होता. त्याचे कुंपण भंगारात निघाले, ते वडिलांनी वजनावर विकत घेतले आणि ट्रकमध्ये घालून आणले. घराच्या विटा अजून यायच्या होत्या. "मास्तर, आधी कुंपण आणि मग घर, हे कोणते शास्त्र?" असे लोक विचारीत. वडील हसत आणि गजांवरची वेलबुट्टी फडक्याने पुशीत.

लोखंडाच्याही जाती असतात हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. घडीव लोखंड लोहाराच्या ऐरणीवर तापवून ठोकतात. ते वाकते, पिळते, पण सहसा तुटत नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात शेकडा दोन ते चार भाग कर्ब. वाळूच्या साच्यात रस ओतला, की एकाच वेलीची शंभर भावंडे जन्मतात. अंगाने राकट, पण घणाचा एक घाव बसला की काचेसारखे फुटणार! १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, त्याच काळात मुंबईत एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, आकाराला येत होते. तिथल्या बागेच्या लोखंडी कुंपणाबाहेर उभे राहून पाहा. बाग त्यांची, पण झाडे तुमचीसुद्धा! जुन्या कुंपणाचा हा मोठा गुण. ते अडवते, पण लपवीत नाही.

आमच्या कुंपणापलीकडे काकू राहतात. एकट्या. सकाळी त्या तुळशीला पाणी घालायला आल्या, की मी चहाचा कप उंचावायचा आणि त्यांनी मान डोलवायची. दिवाळीत फराळाचे ताट भाल्यांच्या टोकांवरून इकडून तिकडे जायचे. चकलीचा एखादा तुकडा दरवर्षी कुंपणाच्या वाट्याला यायचा.

गेल्या वर्षी आळीत दोन चोऱ्या झाल्या. सौभाग्यवतींनी आणि चिरंजीवांनी एकमताने ठराव केला, की हे कुंपण काढावे. वेल्डिंगवाला आला. त्याने गजावर टिचकी मारली, एका तडकलेल्या पट्टीकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, हे बीड आहे जी. याले वेल्डिंग नाही धरत. भंगारात द्या." भंगार हा शब्द ऐकून मला वडील आठवले. शेवटी मास्तरांच्या मुलाला शोभेल अशी तडजोड मी काढली. कुंपण राहील, पण आतून पुरुषभर उंचीचा निळा पत्रा लागेल. चोरांची नजर बंद!

दरवर्षी मी वर्गात मुलांना सांगतो, की १९२८ साली जमनालाल बजाजांनी आपल्या वर्ध्यातल्या लक्ष्मीनारायण मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्यांना खुली केली. आवाज चढवून सांगतो. तोच मी पत्र्याचे स्क्रू मोजून घेत होतो.

श्रावणातली गोष्ट. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि पत्र्यावर ताशा वाजत होता. मी आरामखुर्चीत उत्तरपत्रिका तपाशीत होतो. पलीकडे काकू शेवाळावरून घसरल्या होत्या. माझ्यापासून अवघ्या वीस पावलांवर त्या तासभर पडून होत्या. दूधवाला आला तेव्हा कळले. खुब्याचे हाड मोडले होते.

इस्पितळात मी मान खाली घालून उभा राहिलो. काकू म्हणाल्या, "दोन हाका मारल्या जी मी. मग वाटलं, तुम्ही घरीच नसाल." तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

त्यांना स्ट्रेचरवरून नेताना मला एक वाचलेली गोष्ट आठवली होती. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधल्या कित्येक घरांची लोखंडी कुंपणे युद्धासाठी म्हणून कापून नेली. युद्ध संपल्यावर तिथल्या काही वस्त्यांत, हवाई हल्ल्यांतील जखमींसाठी केलेली लोखंडी स्ट्रेचरे खांबांना आडवी जोडून त्यांचीच कुंपणे केली. त्या लोकांनी स्ट्रेचराचे कुंपण केले. मी कुंपण असे केले, की स्ट्रेचर मागवावे लागले.

पत्रा दुसऱ्याच दिवशी उतरवला. वेल्डिंगवाल्याला पुन्हा बोलावले. तडकलेली पट्टी काढून तिच्या जागी काकूंच्या बाजूला उघडणारे छोटे फाटक करायला सांगितले. मऊ पोलादाचे साधे गज, त्यांवर जस्ताचा मुलामा. ही जस्ताची युक्ती १८३७ सालची, फ्रान्समधल्या सोरेलची. जस्त आधी स्वतः झिजते आणि आतले लोखंड वाचवते. नव्या वस्तूंना नावे ठेवायची माझी खोड या मुलाम्याने बरीच कमी केली. चोरांसाठी रस्त्याकडच्या फाटकाला जाड कडी आणि अंगणात रात्रभर जळणारा दिवा. आळीत त्यानंतर चोरी झालेली नाही, पण त्याचे श्रेय दिव्याला की नशिबाला, हे मी सांगत नाही.

काकू आता चौपाई काठी धरून चालतात. परवा नव्या फाटकाशी थांबून त्यांनी ते निरखले.

"याच्यावर वेल नाही काढली?"

"नाही काकू. आता तसे ओतून मिळत नाही."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी मोगरा लावते."

यंदा फराळाचे ताट फाटकातूनच जाईल. ते न्यायचे काम चिरंजीवांनी आपण होऊन मागून घेतले आहे.