फोटोखालचं नाव

रविवार, रात्री उशिरा. हैदराबादमधल्या सुलतान बाजारच्या जुन्या इमारतींचे फोटो पॉवरपॉइंटमध्ये चढवले आणि लक्षात आलं, एकाखालीही नाव नाही. १९०१ साली स्थापन झालेलं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय कुठलं, शेजारचा वाडा कुठला, मला कळतं. उद्या पाहणाऱ्याला कसं कळणार? इमारतींची नावं फाइलनावांत होतीच. शेवटी ऑल्ट-एफ११ दाबून मॅक्रो लिहिला: फोल्डरमधला एकेक फोटो उचल, नवी स्लाइड घे, फोटो लाव, खाली चौकटीत फाइलचं नाव टाक. आधी ‘.जेपीजी’ची शेपटीही उमटली; ती एका ओळीत छाटली. मग स्लाइड्स सरसर भरत गेल्या. ती नावं पाहून आठवलं: आजीच्या फोटोमागे आईनं निळ्या शाईत नाव आणि साल लिहून ठेवलं होतं, म्हणून तर ती मला ओळखता आली.