पर्वतीवरील कोवळें ऊन

पुण्यास मार्गशीर्ष-पौषांत कोवळें ऊन पडूं लागलें, कीं सुट्टीच्या दिवशीं मुलांस घरांत कोंडून ठेवूं नये. न्याहरीची पुरचुंडी घेऊन लहानथोरांनीं मिळून पर्वतीची वाट धरावी. पायऱ्या १०३, पण मुलें मोजूं लागलीं, कीं प्रत्येकाची बेरीज निराळी!

वर देवदेवेश्वराचें मंदिर आहे. तें नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ मध्यें बांधविलें. पानिपतच्या आघातानें खचून १७६१ मध्यें ते येथेंच निवर्तले. पुढें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं दुसऱ्या बाजीरावांनीं खडकीची लढाई येथूनच पाहिली.

हे सन मीं वर्गांत वर्षानुवर्षें घोकून घेतले. परंतु गेल्या पौषांत धाकट्या नातवानें वरून उत्तरेकडे बोट करून विचारलें, "आजोबा, ते खालीं कां नाहीं उतरले?" इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें मला हा प्रश्न विचारला नव्हता, कारण मीं त्यांस ही टेकडी कधीं दाखविलीच नव्हती.

तेव्हां वाचकहो, मुलांस पुस्तकाबरोबर टेकडीही दाखवावी. मात्र ऊन तापण्यापूर्वीं खालीं उतरावें.