परत आलेले गाणे

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्यासमोर बॉब डिलन गायले, ते २७ सप्टेंबर १९९७ रोजी, इटलीतील बोलोन्या शहरी, ख्रिस्तशरीर परिषदेच्या निमित्ताने. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो आणि ही वार्ता वाचून आम्ही नाक मुरडले. उपासनेतील संगीताविषयी त्या वयात आमची मते फार ठाम होती. कार्डिनल राट्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट, ह्यांनाही तो बेत रुचला नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. तेव्हा आमची संगत काही वाईट नव्हती! पोप महोदयांनी मात्र डिलन ह्यांच्या ‘ब्लोइंग इन द विंड’ ह्या गीताचा धागा धरून जमलेल्या तरुणांना सांगितले, की हा वारा म्हणजे पवित्र आत्म्याचा श्वास होय.

त्या गीताची कथा आम्ही पुष्कळ उशिरा वाचली. १९४१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका यहुदी कुटुंबात जन्मलेल्या डिलन ह्यांनी ते १९६२ साली रचले. त्याच्या चालीचे मूळ ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ ह्या जुन्या गीतात आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ज्या चौथऱ्यावर माणसांचा लिलाव होई, त्याचा कायमचा निरोप घेणाऱ्या गुलामांचे ते गाणे.

पुढे डिलन ह्यांचे गीत सॅम कुक ह्यांच्या कानी पडले. कुक हे कृष्णवर्णीय पाळकाचे पुत्र, भक्तिगीते गात वाढलेले. आपल्या लोकांची व्यथा एका गोऱ्या तरुणाने मांडावी आणि आपल्या हातून तसे गाणे होऊ नये, ह्याची त्यांना लाज वाटली. त्या अस्वस्थतेतून ‘अ चेंज इज गॉना कम’ जन्मले. १९६४ च्या आरंभी ते ध्वनिमुद्रित झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कुक गोळी लागून मरण पावले. चाळीस वर्षांनी, २००४ साली, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो थिएटरात, कृष्णवर्णीय कलावंतांच्या त्या माहेरघरी, साठी ओलांडलेले डिलन उभे राहिले आणि त्यांनी कुक ह्यांचे हेच गीत गायले.

बीटल्सच्या जॉन लेननवर डिलन ह्यांचा प्रभाव पडला, बर्ड्स ह्या वाद्यवृंदाने त्यांचे गीत १९६५ साली विद्युत गिटारवर नेऊन गाजवले, २०१६ साली नोबेल मिळाले, हे सर्वश्रुत आहे. आम्हांला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. जिमी हेंड्रिक्सने १९६८ साली त्यांचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ आपल्या ढंगाने वाजवले, तेव्हा मूळ रचनाकाराने रुसवा धरला नाही; पुढे स्वतःच ते हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागले.

हे वाचताना आम्हांला आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगा आठवला. स्तोत्राला स्वतः बांधलेली चाल त्याने गिटारवर ऐकवली होती. “बाळ, पुस्तकात आहे तीच चाल गाऊ या,” आम्ही म्हणालो. “बरं, फादर,” एवढेच तो बोलला आणि हळूहळू गायकवृंदात येईनासा झाला.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या धर्मग्रामात अंत्यविधीला गेलो असता तीच चाल कानी पडली. शवपेटीमागून चालणारी म्हातारी माणसेही ती गुणगुणत होती. चाल कोणाची, असे आम्ही गायकवृंदाला विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही नाव सांगितले.