गंगेने घालवली भीती

सातव्या वर्षी मी गावच्या विहिरीत पडले होते. तेव्हापासून पाण्याची धास्तीच घेतली. यंदा मार्चमध्ये आम्ही ऋषिकेशला गेलो, तर लेकीने राफ्टिंगचा हट्ट धरला. शिवपुरी ते ऋषिकेश, गंगेतून सुमारे १६ किलोमीटर! लाइफ जॅकेट, हेल्मेट घालून देवाचे नाव घेत बसले. ‘रोलर कोस्टर’ नावाच्या खळाळात लाट अंगावर कोसळली. राफ्ट उसळली आणि किंकाळीऐवजी मला चक्क हसू फुटले!

पुढे पाणी संथ झाले. “माताजी, उतरेंगी?” गाइडने विचारले. राफ्टची दोरी घट्ट धरून उतरले. पाणी बर्फासारखे, पण जॅकेटने अलगद तरंगत ठेवले. शेवटी लेकीलाच मला वर ओढावे लागले.

परतल्यावर गावी गेले आणि त्या विहिरीत प्रथमच वाकून पाहिले.